सर्क्युलरमधली काटकसर

"सर्क्युलर ऐकू आलं, साहेब. त्याच्या पुढचं काय म्हणालात?" जावकबाईंनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. तो कान जरा तल्लख होता.

"इकॉनॉमी! सर्क्युलर इकॉनॉमी!" मुख्य कचेरीतला माणूस पलीकडून खेकसला. "सरकारचं नवं धोरण आहे. तुमच्याकडे त्यातलं काय करता येईल ते दोन ओळींत कळवा. रस्त्याकडे उघडणारी एक खोली त्यासाठी रिकामी करा आणि तिथे बसायला एक माणूस सुचवा. आजच्या आज. येतंय का लक्षात?"

"आलं की," बाई म्हणाल्या.

आणि त्यांच्या मते ते खरोखरच आलं होतं. कचेरीतून बाहेर जाणारा एकूण एक कागद जावकबाईंच्या टेबलावरून जात असे, म्हणून तर त्यांचं खरं नाव मागे पडून त्या जावकबाई झाल्या होत्या. सर्क्युलर म्हणजे परिपत्रक, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. आणि इकॉनॉमी? साबणाच्या मोठ्या वडीवर, चहाच्या मोठ्या पुड्यावर, स्वस्त पडणाऱ्या सगळ्या गोष्टींवर तोच शब्द छापलेला असतो. इकॉनॉमी म्हणजे काटकसर. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की झाली परिपत्रकांमधली काटकसर. वरच्यांना एकदाची उपरती झाली म्हणायची, असं मनाशी म्हणत बाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

खरं तर बाईंसारखी चौकस बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. बाहेर जाणारं पत्र त्या आधी वाचून काढत आणि ते पुढे कुठे जातं, त्याचं काय होतं, याचा त्यांना घोर लागे. एकदा एका पुलाच्या दुरुस्तीचं पत्र त्यांच्या हातून गेलं, तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो पूल दुरुस्त झाला का ते बघायला त्या बस बदलून गेल्या होत्या. (झाला नव्हता.) हेडक्लार्क वैतागून म्हणत, "बाई, तुम्ही पत्र पाठवा. त्याच्या मागोमाग जाऊ नका." पण ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, त्याची चौकशी कोण करत बसतं? जावकबाईंनीही केली नाही.

त्यांनी लिहिलं, की यापुढे परिपत्रकं पाठकोऱ्या कागदांवर काढावीत, आणि आलेली पाकिटं फाडून न टाकता हलक्या हाताने उकलून, आतली बाजू बाहेर करून, पुन्हा चिकटवून वापरावीत. खोली म्हणून त्यांनी फाटकाजवळची पहारेकऱ्याची जुनी खोली सुचवली. पाकिटं चिकटवायला रस्त्याकडे उघडणारी खोली कशाला, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. पण डिंक वाळायला ऊन लागतं आणि ऊन त्याच बाजूला येतं, असं उत्तरही त्यांनी स्वतःच शोधलं आणि त्यावर त्या खूष झाल्या.

माणसाचा तर प्रश्नच नव्हता. माणूस दारातच स्टुलावर बसलेला होता.

डिंकमामा हा कचेरीतला सगळ्यात जुना शिपाई. पाकिटं चिकटवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण टपाल कॉम्प्युटरवरून जायला लागलं तशी पाकिटं आटली आणि मामाच्या हातांना काही काम राहिलं नाही. त्याला गावाबाहेरच्या पंपघरावर राखणीला धाडायचं घाटत होतं. तिथे दिवसभर बोलायला चिटपाखरू नसतं, आणि मामाला बोलल्याशिवाय घोटभर पाणीही उतरत नसे.

"मामा, तुमचं नाव कळवलंय वर," बाई म्हणाल्या. "स्वतंत्र खोली. खुर्ची. पाकिटांचं काम."

"खुर्ची?" मामाने विचारलं. "पाठ टेकायची?"

"पाठ टेकायची."

मामाने उठून स्टूल भिंतीकडे सरकवलं आणि उगाचच ते फडक्याने पुसलं.

---

संध्याकाळी बाई घरी जाताना वाकडी वाट करून नवऱ्याच्या दुकानात शिरल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे बसून बाईंचा नवरा पंखे, मिक्सर, इस्त्र्या, जे लोक आणून देतील ते दुरुस्त करी. गल्लीतली पोरं त्यांना पंखेमास्तर म्हणायची आणि मोठी माणसंही तेच म्हणायला लागली होती.

मास्तरांची एक पद्धत होती. कुठलीही वस्तू ते लगेच उघडत नसत. आधी ती चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. आतलं दुखणं त्या दांडीतून वर चढून त्यांच्या कानात येई. लग्न झालं तेव्हा बाईंनी कुतूहलाने तो स्क्रूड्रायव्हर आपल्या कानाला लावून पाहिला होता. त्यांना नुसतीच गरगर ऐकू आली. "तुला नाही सांगणार तो," मास्तर तेव्हा म्हणाले होते, "ओळख व्हावी लागते."

पण ही ओळख आता फारशी कामाची उरली नव्हती. लोक बिघडलेली वस्तू टाकून नवी आणत. त्यात ही इमारतच पाडायची ठरली होती आणि महिनाअखेर जागा सोडायची होती. दुसरीकडे गाळा मिळता मिळत नव्हता. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमच्या मालकाने विचारलं होतं, की जुनं द्या, नवं घ्या या योजनेसाठी अनुभवी माणूस पाहिजे, येता का? मास्तरांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. विषय निघाला की ते पंख्याला कान लावत.

"आज मी एक मोठं काम केलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाकिटांची सगळी हकिगत सांगितली.

मास्तर मनापासून हसले. "म्हणजे टाकायचं नाही, उलटून परत वापरायचं? बरं सुचलं की वरच्यांना!"

"पण उकलताना फाटतात हो."

"वाफेवर धर. केटलीच्या तोंडाशी. डिंक आपोआप सुटतो."

बाईंना नवऱ्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘वाफेचा वापर करावा’ एवढी एक ओळ मागाहून कळवली.

---

मंजुरी इतक्या लवकर आली की हेडक्लार्कनी कागद उजेडात धरून सही खरी आहे ना ते पाहिलं. खोली मंजूर, माणूस मंजूर, पाकिटांबद्दल अवाक्षर नाही, आणि पाहणीला मुख्य कचेरीतून मॅडम येणार. त्यांच्या आधी एक टेम्पो आला. त्यातून कागदात गुंडाळलेली पाटी उतरली, एक भक्कम टेबल उतरलं आणि लोखंडी कपाट उतरलं. बाईंनी कपाट उघडून बघितलं तर आत पकडी, पाने, सोल्डरिंगची इस्त्री.

"पाकिटांना पकड कशाला?" मामा म्हणाला.

"सरकारी काम आहे," हेडक्लार्क म्हणाले. "येईल ते ठेवून घ्यावं."

पण बाईंना चैन पडेना. सोल्डरिंगची इस्त्री त्या नवऱ्याच्या हातात रोज बघत होत्या. त्यांनी ती हातात घेतली, परत ठेवली, परत घेतली.

मॅडम आल्या. वयाने बाईंच्या भाचीएवढ्या, पायात बूट, बोलायला मोकळ्या. मामा नव्या खुर्चीत पाठ टेकून बसला होता. समोर केटली फुसफुसत होती आणि खिडकीत पाकिटं ओळीने वाळत पडली होती.

"काय मामा, सुरुवात कशाने केलीत?" मॅडमनी विचारलं. "काय दुरुस्त केलं पहिलं?"

"पाकिटं," मामा म्हणाला आणि त्याने एक उलटवलेलं पाकीट अदबीने पुढे केलं. "बघा, जोड दिसतोय का कुठे?"

मॅडमनी पाकीट उलटसुलट पाहिलं. मग केटलीकडे पाहिलं. मग जावकबाईंकडे.

"सर्क्युलरमधली काटकसर," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला. "तसंच होतं ना मॅडम?"

मॅडम आधी गोंधळल्या, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना हसू आवरेना. टेबलाला धरून त्या हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी समजावलं. सर्क्युलर म्हणजे परिपत्रक नव्हे, गोल. फिरून परत येणारं. वस्तू घ्यायची, वापरायची आणि टाकायची, ही सरळ रेघ झाली. आता ती रेघ वाकवून तिचं वर्तुळ करायचं. बिघडलेली वस्तू दुरुस्त होऊन परत घरात जायला हवी. त्यासाठी प्रत्येक सरकारी कचेरीने एक खोली द्यायची, लोकांनी रस्त्यावरून येऊन खिडकीत वस्तू द्यायच्या, आत बसलेल्या माणसाने त्या नीट करायच्या.

"कसल्या वस्तू?" बाईंनी विचारलं, खरं तर त्यांना उत्तर माहीत होतं.

"पंखे, मिक्सर, इस्त्र्या. घरात जे जे बिघडतं ते."

मामाने मान डोलावली. "म्हणजे पाकीटच की. उलटं करायचं नि परत लावायचं."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "मामा," त्या म्हणाल्या, "आम्ही हे सांगायला तासतासभर भाषणं देतो हो!" त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं, मामाला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, पाकिटांचे फोटो काढले. पाकिटांची कल्पना सगळ्या कचेऱ्यांना कळवायची आणि मामाला पंधरवड्याच्या शिक्षणाला पाठवायचं, असंही त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. पाटीवरचा कागद निघाला. ‘दुरुस्ती आणि पुनर्वापर केंद्र’. हेडक्लार्क सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले.

एवढी मोठी चूक झाली आणि तिचं असं कौतुक झालं, की ती आता चूक उरलीच नाही. बाईंना तेच सगळ्यात जास्त लागलं. मॅडम रागावल्या असत्या तर माणूस तरी बदलला असता.

जीपपर्यंत पोचवायला गेल्यावर त्यांनी विचारलंच. "मॅडम, माणूस बाहेरचा चालला असता?"

"अहो, बाहेरचाच अपेक्षित होता. हेच काम करणारा, ज्याचं दुकान बंद पडलंय किंवा पडतंय असा. बाकीच्या कचेऱ्यांनी तसेच दिलेत."

"आणि... नात्यातला असला तर?"

"तसं स्पष्ट कळवलं की काही अडचण नव्हती." मॅडम जीपमध्ये चढता चढता थांबल्या. "का? होतं का कुणी मनात?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. खिडकीतून मामा दिसत होता. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं होतं आणि तो खुर्चीचे हात पुसत होता, एक झाला की दुसरा. एक शब्द उच्चारला की ही खुर्ची त्याच्याखालून जाणार होती आणि पुढे पंपघर होतं. जिन्याखाली बसलेला माणूसही बाईंना दिसत होता. दोघांना एकदम बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सहज विचारलं. मला चौकशा करायची खोडच आहे."

---

बाईंना घरी काही लपवून ठेवता येत नसे. त्यांनी हातपाय धुवायच्या आधीच सगळं सांगितलं. फोन, साबणाची वडी, मॅडम, पाटी, आणि जीपजवळ विचारलेला प्रश्नही. मास्तर ऐकत होते. मध्येच त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाईंकडे.

"माणूस सुचवा म्हणाले, तेव्हा मी आठवलो नाही तुला?"

"पाकिटं चिकटवायला माणूस पाहिजे असं वाटलं हो मला! पंखे म्हणाले असते तर..."

"पाकिटं मी चिकटवली असती," मास्तर म्हणाले.

ते चिडून म्हणाले असते तर बाईंनी उलट काही ऐकवलं असतं. ते अगदी साधं म्हणाले. बाईंच्या डोक्यात तोपर्यंत हे आलंच नव्हतं. आपला नवरा पंख्यांशिवाय दुसरं काही करील, कसल्याही खोलीत कसल्याही कामाला बसायला तयार होईल, इतका तो घायकुतीला आलाय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाच्या पत्रांच्या मागे जाणाऱ्या बाईने घरातल्या माणसाला एवढंसं विचारलं नव्हतं. त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या.

मास्तरांनी पाणी आणून दिलं. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि काय काय आणतील गं लोक तिथे?"

"पंखे, मिक्सर..."

"जुने जाड पंखेही येतील. लोकांनी माळ्यावर टाकलेत ते." त्यांचे डोळे क्षणभर चमकले. "मामाला म्हणावं, लगेच उघडू नका. आधी ऐका."

महिनाअखेरीला जिन्याखालची जागा रिकामी झाली. मास्तरांनी हत्यारं विकली नाहीत. लाकडी पेटी त्यांनी स्वतः उचलून केंद्रात नेली आणि मामाच्या टेबलावर ठेवली. मामाने लांब स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला आणि उत्साहाने टोकाची बाजू कानाकडे नेली. मास्तरांनी त्याचा हात धरून तो फिरवला आणि मूठ कानाशी आणली. "असं. नाहीतर कान फुटेल, आणि केंद्राला दुसरा माणूस बघावा लागेल," ते म्हणाले. दोघं हसले. बाई मात्र लगबगीने जावकच्या टेबलाकडे गेल्या.

शोरूममध्ये मास्तरांना छातीवर नाव शिवलेला शर्ट मिळाला. लोक जुना मिक्सर घेऊन येत आणि विचारत, याचे किती कमी कराल? मास्तरांच्या तोंडून सवयीने निघे, "पण याला झालंय काय?" मालकाने दोनदा डोळे वटारले. तेव्हापासून ते विचारत नाहीत. जुना मिक्सर घेऊन ते मागच्या खोलीत ठेवतात. ठेवण्याआधी जरासा हलवून बघतात, तेवढं कुणाला दिसत नाही.

मामा शिक्षण घेऊन आला आणि बऱ्यापैकी काम करू लागला. खिडकीशी लोक थांबायचे, बोलायचे, मामाला त्याहून काही नको होतं. पण एखादी वस्तू अडायचीच. मग कचेरी सुटताना तो बाईंना हाक मारी. "बाई, मास्तरांना विचारा, पंखा चालतो पण आवाज करतो."

"कसला आवाज?" पहिल्यांदा मास्तरांनी घरी विचारलं.

"आता आवाज म्हणजे आवाजच," बाई म्हणाल्या.

"तसं कसं? रोग्याला न बघता औषध देऊ?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मामाच्या टेबलापाशी जाऊन पंख्याला कान लावला. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं, घसा साफ केला आणि आवाज काढला, "कुर्रर्र, कुर्रर्र." मास्तर हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मग म्हणाले, "दांडा ज्यात फिरतो तो बुश सुकलाय. तेल घालायला सांग." तेल घातलं आणि पंखा गप झाला.

तेव्हापासून हे चालू झालं. बाई कचेरीतून आवाज घेऊन येत. एखादा वाटेत विसरू नये म्हणून बसमध्ये तोंडातल्या तोंडात घोळवत. शेजारच्या सीटवरची माणसं सरकून बसत. कोणता आवाज कुठून येतो, का येतो, याची त्यांना आता खरीच गोडी लागली होती. गुंजन करून न फिरणाऱ्या पंख्याचा कंडेन्सर गेलेला असतो, हे त्या मास्तरांच्या आधी सांगू लागल्या.

एके दिवशी मामाकडे कुणीतरी माळ्यावरचा जुना जाड पंखा आणला. मामाने सगळं करून पाहिलं, जमेना. बाईंनी बराच वेळ त्याला कान लावला आणि आवाज जपून घरी आणला. मास्तर नुकतेच आले होते. शोरूमचा शर्ट अजून अंगावर होता.

"हं, काढ," ते म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. "घुंऽऽऽ... कुट्. घुंऽऽऽ... कुट्."

मास्तरांनीही डोळे मिटले होते. त्यांची उजवी मूठ वळून कानाशी गेली होती. मुठीत काही नव्हतं. बाईंनी डोळे उघडले तेव्हा ते तसेच बसलेले होते आणि चेहऱ्यावर ते जिन्याखालचं, ओळख पटल्याचं हसू होतं. आत काय बिघडलंय ते त्यांना कळलं होतं. इतकी वर्षं त्यांचा चेहरा बघितल्यावर बाईंना तेवढं नक्की समजत होतं.

"नीट नाही कळलं," मास्तर म्हणाले. "पुन्हा काढ."

बाईंनी पुन्हा आवाज काढला.